दोन वर्षं, २४०० तास: शासकीय आयटीआयमध्ये नेमकं काय शिकवतात आणि प्रवेश घेताना काय बघायचं

दोन वर्षांच्या आयटीआय कोर्सचे एकूण तास २४००. त्यातले १६८० तास प्रात्यक्षिकाचे, म्हणजे बेंचवर किंवा मशीनसमोर उभं राहून काम करण्याचे. थिअरीला दोन्ही वर्षं मिळून ५४० तास आणि रोजगारक्षम कौशल्ये या विषयाला १८०. २०२२ साली सुधारलेल्या अभ्यासक्रमात हा हिशेब ठरला. सातारा, कराड, सांगली, कुठल्याही शासकीय संस्थेत फिटर, टर्नर किंवा इलेक्ट्रिशियन घेतलं तरी तो सारखाच आहे. आयटीआय समजून घ्यायची तर या १६८० तासांपासून सुरुवात करावी. ट्रेड कोणता निवडायचा, कोणती संस्था यादीत वर टाकायची, गैरहजेरी किती महागात पडते, कारखान्यात मुलाखतीला काय विचारतात, हे सगळं शेवटी त्या तासांत मुलानं किंवा मुलीनं काय केलं यावर येऊन थांबतं.

शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना केंद्र सरकारने १९५० साली सुरू केली. अभ्यासक्रम, अंतिम परीक्षा आणि प्रमाणपत्र केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचं. इमारत, मशीन, निदेशक (शिकवणारे) आणि प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे. व्यवहारात याचा फायदा असा की साताऱ्यात मिळालेलं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र पुण्यात, बेंगळुरूत, रेल्वेत, सगळीकडे तेवढ्याच किमतीचं असतं. एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्यावी. ज्या तुकडीत प्रवेश घ्यायचा आहे ती एनसीव्हीटीशी, म्हणजे व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेशी, संलग्न आहे की फक्त राज्य परिषदेशी? एकाच संस्थेत एका ट्रेडची जुनी तुकडी राष्ट्रीय आणि नवी वाढवलेली तुकडी राज्य परिषदेची, असं असू शकतं. भरतीच्या बऱ्याच जाहिरातींत राष्ट्रीय प्रमाणपत्राची अट असते, आणि हा फरक दोन वर्षांनी कळून काही उपयोग होत नाही.

तंत्रनिकेतन आणि आयटीआय यांची गल्लत अजूनही होते. कराड आणि मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनात दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा होतो. तिथे गणित, डिझाइन आणि थिअरीला जास्त वजन, आणि बाहेर पडणारा मुलगा सुपरवायझर किंवा ज्युनियर इंजिनियरच्या वाटेवर लागतो. आयटीआयचा मुलगा मशीनवर लागतो. यात वरचं-खालचं काही नाही, कामं वेगळी आहेत. ज्याला वहीतल्या गणितापेक्षा उघडलेला गिअरबॉक्स ओढून घेतो, त्याला तीन वर्षं वर्गात बसवून घरच्यांचं काही साधत नाही.

ट्रेड निवडताना

दोन वर्षांचे नेहमीचे ट्रेड असे: फिटर (जोडारी), टर्नर (कातारी), मशिनिस्ट (यंत्र कारागीर), इलेक्ट्रिशियन (वीजतंत्री), वायरमन (तारतंत्री), मोटार मेकॅनिक, ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंग, टूल अँड डाय मेकर. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक, सुतारकाम आणि संगणकाचा कोपा हे एक वर्षाचे. फिटर, इलेक्ट्रिशियनसारख्या ट्रेडला दहावी पास लागते. काही ट्रेड दहावी नापास मुलांसाठीही खुले आहेत. वय किमान १४ वर्षं पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही, त्यामुळे शेती किंवा नोकरी करून तिशीत आलेला माणूसही अर्ज करू शकतो. शासकीय संस्थांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, आणि त्या फक्त शिवणकामासाठी नाहीत, इलेक्ट्रिशियन आणि मशिनिस्टसाठीही आहेत.

बहुतेक घरांत निवड एकाच निकषावर होते: गेल्या वर्षी कुठला ट्रेड सगळ्यात वरच्या टक्क्यांना बंद झाला. त्यामुळे इलेक्ट्रिशियनला झुंबड उडते आणि टर्नर, मशिनिस्टच्या जागा शेवटच्या फेरीपर्यंत रेंगाळतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तरी हा निकष चुकीचा आहे. कुपवाड, मिरज, पलूस, साताऱ्याची कोडोली आणि देगाव, कराडजवळचं तासवडे, पुढे शिरवळ आणि फलटण या औद्योगिक पट्ट्यांत कास्टिंग (ओतीव भाग), पंप, इंजिन आणि गाड्यांचे सुटे भाग यांचं काम मोठं आहे. किर्लोस्करवाडी १९१० पासून याच मातीत उभी आहे. कास्टिंग फौंड्रीतून आलं की ते कोणीतरी मशीनवर घेऊन ठरल्या मापात आणावं लागतं. ते काम टर्नर आणि मशिनिस्टचं, आणि आता त्यातलं पुष्कळसं सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, होतं. लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, हात बसलेला मुलगा सीएनसीवर लवकर तयार होतो, कारण टूल कुठे घासतंय, कुठे जळतंय, जॉब (कामाचा तुकडा) कधी थरथरतोय हे त्याला आवाजावरून कळतं.

फिटरला मागणी सर्वत्र आहे, पण साखर कारखान्यांमुळे इथे ती जरा वेगळी आहे. हंगाम संपला की मिल, टर्बाइन, पंप, कन्व्हेअर उघडून पुढच्या हंगामाची दुरुस्ती चालते, आणि त्या महिन्यांत बेअरिंग बसवणारा, शाफ्टची अलाइनमेंट जुळवणारा माणूस लागतो. तासगाव-सांगली भागात बेदाणा आणि द्राक्षांची कोल्ड स्टोरेज आहेत. तिथे कॉम्प्रेसर सांभाळणारे हात कमी पडतात, म्हणून रेफ्रिजरेशनचा ट्रेड जिथे आहे तिथे तो गांभीर्याने घ्यावा. इलेक्ट्रिशियन वाईट निवड आहे असं अजिबात नाही. फक्त ‘सगळे घेतात’ एवढंच कारण असेल तर थोडं थांबावं.

अर्जात विकल्प भरण्याआधी संस्थेत एकदा प्रत्यक्ष जाऊन यावं. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियनची एक तुकडी साधारण २० जणांची असते. वर्कशॉपमध्ये उभं राहून तीन गोष्टी बघा. २० मुलांमागे चालू लेथ किती (बंद पडलेले वेगळे मोजा), त्या ट्रेडला पूर्णवेळ निदेशक आहे की तासिका तत्त्वावरचा, आणि कच्चा माल, म्हणजे एमएस फ्लॅट (साध्या पोलादाची पट्टी), रॉड, वायर, इलेक्ट्रोड, वेळेवर येतो का. तिसरा प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावा, खरं उत्तर त्यांच्याकडून मिळतं. माल आला नाही तर महिनाभर जुन्याच तुकड्यावर कानस घासत बसावं लागतं, आणि १६८० तासांतले ते तास नुसते कागदावर राहतात.

पाळीचाही विचार करा. जागेअभावी अनेक संस्थांत दोन पाळ्या चालतात. साताऱ्याची संस्था मोळाच्या ओढ्याला, म्हणजे गावाच्या कडेला आहे. इतर ठिकाणीही संस्था बहुधा शहराबाहेरच असतात, कारण वर्कशॉपला जागा लागते. जावळी, पाटण, जत किंवा आटपाडीकडून येणाऱ्या मुलाला दुसरी पाळी मिळाली तर शेवटची एसटी किती वाजता आहे हे प्रवेशाआधीच बघायला हवं. हजेरी ढासळण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं.

प्रवेशाच्या पायऱ्या आणि त्यात कुठे चुकतं

प्रवेश केंद्रीय पद्धतीने, ऑनलाइन, दहावीच्या गुणांवर. आधी संचालनालयाच्या प्रवेश पोर्टलवर नोंदणी आणि अर्ज. मग जवळच्या कुठल्याही शासकीय आयटीआयमध्ये मूळ कागद दाखवून अर्ज निश्चित करणं. ही पायरी राहून गेली तर अर्ज भरूनही गुणवत्ता यादीत नाव येत नाही, आणि दरवर्षी काही मुलं इथेच गळतात. त्यानंतर विकल्प भरणं: संस्था आणि ट्रेड अशा जोड्या, पसंतीच्या क्रमाने. मग गुणवत्ता यादी, प्रवेश फेऱ्या आणि शेवटी उरलेल्या जागांसाठी समुपदेशन फेरी.

विकल्पांचा क्रम फार विचारपूर्वक लावा. पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचा विकल्प मिळाला तर तो घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. म्हणून ‘मिळेल की नाही बघू’ म्हणून लांबच्या संस्थेतला नको असलेला ट्रेड पहिला टाकणं धोक्याचं आहे. उलटी चूकही होते: फक्त दोन-तीन विकल्प भरायचे आणि नंबर लागला नाही की शेवटच्या फेरीची वाट बघत बसायचं. जवळच्या तालुक्यांतल्या संस्था धरून यादी लांब ठेवा, पण तिच्यात एकही अशी जोडी नको जिथे खरंच जायचं नाही.

कागदांत दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर. नॉन क्रिमीलेयरसाठी निकालानंतर सेतू केंद्रात मोठी गर्दी होते, तो मे महिन्यातच काढून ठेवावा. आणि नावाचं स्पेलिंग: गुणपत्रकावर एक, आधारवर दुसरं, असं असेल तर प्रवेशाआधी आधार दुरुस्त करून घ्या. याच नोंदीवरून पुढे परीक्षेचं हॉल तिकीट आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र तयार होतं. प्रमाणपत्र छापून आल्यावर एक अक्षर बदलायला संस्था, संचालनालय आणि केंद्राचं पोर्टल अशा तीन दारांत महिनोन्महिने जातात, आणि तेवढ्यात भरतीची मुदत निघून जाते.

शासकीय संस्थेची फी खाजगीच्या मानाने फारच कमी असते. खरा खर्च प्रवास, खाकी किंवा ठरलेला गणवेश, सेफ्टी शूज आणि हत्यारांचा. सेफ्टी शूजवर पैसे वाचवू नका. लेथवरून निघालेली तापलेली चिप चपलेतून थेट पायावर पडते.

पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये काय चालतं

फिटरची पहिली काही आठवडे चालणारी कामं बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटतात: हॅक्सॉने कापणं, कानस मारणं, मार्किंग, मोजमाप. पुढचं सगळं याच्यावर उभं असतं, म्हणून ते जरा जवळून बघू.

जॉब पकडणाऱ्या बेंच व्हाइसची उंची उभं राहिल्यावर कोपराच्या पातळीत हवी. खाली असेल तर पाठ जाते, वर असेल तर जोर खांद्यातून निघतो आणि कानस डोलते. कानशीचे दात पुढे ढकलतानाच कापतात. म्हणून पुढच्या फटक्यावर वजन, मागे येताना हात हलका. मागे ओढतानाही दाबलं की दात लवकर बोथट होतात. नव्या मुलाचा पृष्ठभाग जवळजवळ नेहमी मधे फुगीर आणि कडांना उतरलेला येतो. कारण सरळ आहे: फटक्याच्या सुरुवातीला पुढच्या हाताचं वजन जास्त लागतं, शेवटाला मागच्या हाताचं, आणि हा तोल हातात यायला वेळ लागतो. दोन्ही हातांचं वजन सारखंच ठेवलं की कानस झोपाळ्यासारखी झुलते. तपासायला ट्राय स्क्वेअरची (गुण्याची) पाती जॉबवर उभी धरून उजेडाकडे बघायचं. पातीखालून प्रकाश जिथे दिसतो तिथे खड्डा. जिथे दिसत नाही तिथेच अजून कानस मारायची. नवी मुलं नेमकी उलट करतात, खड्डा दिसला की त्याच जागी घासतात, आणि तो आणखी खोल जातो.

कानशीच्या दातांत बुरादा अडकला की तोच जॉबवर ओरखडे काढतो. कानशीवर खडू घासायचा आणि अधूनमधून तारेच्या ब्रशने दातांच्या दिशेने साफ करायचं. सुरुवातीला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. वर्षाअखेर येणाऱ्या मेल-फीमेल फिटिंगमध्ये, म्हणजे एकाची खाच आणि दुसऱ्याचा उंचवटा एकमेकांत बसवताना, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत चाचपडावं लागतं. तिथे व्हर्नियर (अल्पतम माप ०.०२ मिमी) आणि मायक्रोमीटर (०.०१ मिमी) आयुष्यभराचे सोबती होतात. शून्य तपासल्याशिवाय व्हर्नियर वापरायचा नाही, ही सवय पहिल्या महिन्यात लागली तर लागली.

मग आटे पाडणं. एम १० च्या, म्हणजे १० मिमी व्यासाच्या, प्रमाणित आट्याचा पिच (दोन आट्यांतलं अंतर) १.५ मिमी, म्हणून आधी ८.५ मिमीचं ड्रिल: दहातून दीड वजा. ८ मिमीचं भोक पाडून टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, घातला की तो अडकतो आणि तुटतो. भोक बरोबर असूनही टॅप तुटतो तो दोन कारणांनी: तो तिरपा सुरू केला, किंवा न थांबता पुढेच फिरवत नेला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे चिप तुटून मोकळी होते. वर तेलाचे थेंब. तुटलेला टॅप कडक पोलादाचा असतो, त्यावर साधं ड्रिल चालत नाही. परीक्षेत टॅप तुटला की तो जॉब बहुतेक संपलाच.

इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षात वायरिंग, अर्थिंग, मोजमापाची उपकरणं, बॅटरी, ट्रान्सफॉर्मर. दुसऱ्या वर्षी मोटर, पॅनेल, स्टार्टर, इन्व्हर्टर. या भागात सगळ्यात जास्त पोट भरणारं कौशल्य त्यातलंच एक आहे, मोटर रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरमधली तार नव्याने गुंडाळणं. विहीर आणि बोअर असलेल्या प्रत्येक गावात उन्हाळ्यात मोटरी जळतात. जळालेली वाइंडिंग कापण्याआधी सगळं कागदावर उतरवायचं: नेमप्लेटवरची एचपी, व्होल्ट, आरपीएम, खाचा किती, कॉइल पहिल्या खाचेतून निघून कितव्या खाचेत उतरते, प्रत्येक कॉइलचे फेरे, तारेवरचं एनॅमल खरवडून मायक्रोमीटरने घेतलेली जाडी, आणि जोडणी. ३६ खाचांच्या चार पोल स्टेटरला (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाला) पूर्ण पिच, म्हणजे कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर, ९ खाचांचा, म्हणजे १ ते १०, पण प्रत्यक्षात तो त्याहून कमी ठेवलेला असू शकतो. घाईत आधीच कॉइल कापून टाकली की हा आकडा अंदाजाने धरावा लागतो, आणि मग मोटर फिरते पण गरम होते, जास्त ॲम्पिअर ओढते, शेतकरी आठवड्यात परत घेऊन येतो. साध्या मोटरला वाइंडिंगनंतर व्हार्निश देऊन भाजावी लागते. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलला ती पद्धत चालत नाही, तिथे प्लास्टिकच्या वेष्टनाची वेगळी तार लागते. शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन बघायचं. वाचन १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर लाइनला लावायची नाही.

ड्रॉइंगबद्दल थोडं सांगायलाच हवं. आता अभियांत्रिकी चित्रकला आणि वर्कशॉप गणित वेगळे विषय राहिले नाहीत, थिअरीतच आले आहेत, त्यामुळे मुलं त्यांना हलकं घेतात. पण मुलाखतीत व्हर्नियर आणि ड्रॉइंग एकदम हातात येतं. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धतीने शिकवतात, त्यात वरून दिसणारा व्ह्यू खाली काढतात. बाहेरच्या देशातल्या ग्राहकाचं ड्रॉइंग मात्र थर्ड अँगलचं असू शकतं, तिथे वरून दिसणारा व्ह्यू वरच काढलेला असतो. कोपऱ्यातलं छाटलेल्या शंकूचं चिन्ह न बघता जॉब सुरू केला की भोक चुकीच्या बाजूला पडतं.

हजेरी, परीक्षा आणि कारखान्यातले तास

अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. पास व्हायला प्रात्यक्षिकात आणि वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनात प्रत्येकी किमान ६० टक्के, बाकी विषयांत ३३. थिअरी संगणकावर, पर्याय निवडायची. प्रात्यक्षिकाची ही उंच पायरी बघितली की कळतं, शेवटच्या महिन्यात गाइड वाचून आयटीआय पास होता येत नाही. दर जॉबला अचूकता, फिनिशिंग, वेळ, सुरक्षितता आणि हत्यार हाताळणी यावर गुण पडतात आणि ते प्रात्यक्षिक वहीत जॉबच्या आकृतीसह नोंदवायचे असतात. वही त्याच आठवड्यात पूर्ण करून निदेशकांची सही घ्यावी. साचलेली वही दुसऱ्याची बघून उतरवली की मापं आपल्या जॉबशी जुळत नाहीत, आणि परीक्षक तेवढंच विचारतो.

परीक्षा वर्षातून एकदा. २०१३ ते २०१८ दरम्यान सेमिस्टर होती, ती बंद झाली. त्यामुळे त्या काळात शिकलेल्या दादाचा सल्ला परीक्षेच्या बाबतीत जसाच्या तसा घेऊ नका.

नव्या अभ्यासक्रमात दरवर्षी १५० तास कारखान्यात प्रत्यक्ष कामावर काढायचे आहेत, जवळ उद्योग नसेल तर गटप्रकल्प. हे तास २४०० च्या बाहेरचे. कुपवाड किंवा कोडोलीसारखी वसाहत जवळ असताना प्रकल्पावर भागवून घेणं म्हणजे स्वतःचं नुकसान. कारखाना आपण सुचवला, मालकाचं पत्र आणलं, तर संस्था बहुधा मान्य करते. जिथे दुहेरी प्रशिक्षण पद्धत आहे, तिथे दोन वर्षांपैकी ६ ते १२ महिने उद्योगातच जातात. अशी तुकडी दिसली तर ती यादीत वर टाकावी.

पास झाल्यावर

सर्वांत मोलाचं पाऊल शिकाऊ उमेदवारीचं, म्हणजे अप्रेंटिसशिपचं. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते एकोणतीस माणसांच्या वर्कशॉपला ऐच्छिक. आयटीआय पास उमेदवाराला त्याच नियमांत किमान ७००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. करार करण्याआधी शिकाऊ उमेदवारीच्या केंद्र सरकारी पोर्टलवर चालू दर बघून घ्या. कालावधी बहुतेक ट्रेडला एक वर्ष.

इथे फसगत होते ती अशी. वसाहतीत जाऊन मुलगा ‘ट्रेनी’ म्हणून लागतो, वर्षभर राबतो, आणि शेवटी हातात कंपनीच्या लेटरहेडवरचं एक पत्र येतं. पोर्टलवर करार नोंदवलेला नसेल तर ती कायदेशीर शिकाऊ उमेदवारी नव्हे. तिची परीक्षा होत नाही आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळत नाही. सरकारी कंपन्यांच्या आणि मोठ्या खाजगी कारखान्यांच्या भरतीत विचारतात ते हेच प्रमाणपत्र. म्हणून रुजू होताना कराराचा क्रमांक मागा आणि स्वतःच्या लॉगिनवर तो दिसतो का ते बघा. संस्थेतल्या शिकाऊ उमेदवारीच्या कक्षात, म्हणजे बीटीआरआयमध्ये, कराराबाबत मदत मिळते. उमेदवारी संपल्यावर कंपनीने नोकरी द्यायलाच हवी असं कायदा म्हणत नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत लेखी परीक्षा न घेता दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवरून यादी लागते, म्हणून ६० टक्क्यांवर समाधान मानू नका. महावितरणच्या विद्युत सहायक पदाला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र लागतं, पण शालेय पात्रता जाहिरातीत नीट वाचावी लागते. बारावी मागितली असेल तर तीही सोय आहे. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय झाली की राज्य मंडळाचे भाषेचे दोन विषय देऊन बारावीची समकक्षता मिळते. हे आयटीआय चालू असतानाच डोक्यात ठेवलं तर नंतर एक वर्ष वाया जात नाही.

पुढे शिकायचं असेल तर दहावी आणि दोन वर्षांची आयटीआय यांच्या जोरावर तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनियरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. ज्यांना शिकवायची आवड आहे त्यांच्यासाठी एक वर्षाचा शिल्प निदेशक प्रशिक्षणाचा कोर्स आहे. तो केला की आयटीआयमध्ये निदेशकपदाच्या भरतीला उभं राहता येतं.

थेट दुसऱ्या वर्षात गेलेली मुलं अडकतात ती गणितात. लेथवर, पॅनेलवर ती वर्गातल्या इतरांच्या पुढे असतात, पण पहिल्या वर्षाचा त्रिकोणमितीचा, लॉगरिदमचा आणि कलन गणिताचा पाया त्यांचा झालेलाच नसतो. ज्याच्या मनात डिप्लोमा आहे त्याने आयटीआयच्या दुसऱ्या वर्षात रोज अर्धा तास डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित घेऊन बसावं. पुस्तक तंत्रनिकेतनातल्या कुठल्याही ओळखीच्या मुलाकडे मिळेल.